पोस्टरखालचे चोवीस डोस

अमिताभ बच्चन यांनी स्वतःच्या टीबीबद्दल जाहीरपणे सांगितलं ते डिसेंबर २०१४ मध्ये, मुंबई महापालिकेच्या क्षयरोगविरोधी मोहिमेच्या कार्यक्रमात. अण्णांनी पेपरातली ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू होत होतं, त्याच वेळी त्यांना मणक्याचा टीबी झाला होता. धड बसवत नव्हतं, धड आडवं होता येत नव्हतं, दिवसाला आठ-दहा वेदनाशामक गोळ्या घेऊन ते त्या खुर्चीत बसत होते. आई भाकरी थापता थापता थांबली. "अगं, आपण सगळे एपिसोड बघितले. चेहऱ्यावर कधी दिसलं नाही."

मला तेव्हा खोकला लागून पाच आठवडे झाले होते. ती बातमी ऐकताना मी दोनदा तरी खोकले असेन. घरात आम्ही पाच मोठी माणसं होतो, आणि एकाच्याही मनात काही आलं नाही.

मोठ्या माणसानं आजार सांगितला की लोक आपापल्या अंगावर ते दुखणं शोधायला लागतात आणि तपासायला धावतात, असं म्हणतात. आमच्याकडे तसं झालं नाही. ती बातमी 'त्यांची' बातमी म्हणून घरात आली आणि पेपराबरोबर रद्दीत गेली. महिन्याभरानं तिची गरज पडली, तेव्हा मात्र प्रत्येकाला ती शब्द न् शब्द आठवत होती.

आम्ही काळाचौकीला राहतो. चाळीतली एक खोली, वर पोटमाळा. आई, अण्णा, दादा, वहिनी, त्यांचा तीन वर्षांचा मुलगा आणि मी. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि लोअर परळला एका सीएच्या ऑफिसात काम करत होते. खोकल्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं: एसी, धूळ, थंडी. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री उशी घामानं ओली व्हायची. पंजाबी ड्रेस ढगळ झाले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी डाएट विचारलं. एकावन्न किलोची मी चव्वेचाळीसवर आले होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी कफ सिरप दिलं, मग एका मागोमाग एक तीन अँटिबायोटिक. तिसऱ्यानं आठ-दहा दिवस खरंच बरं वाटलं. ताप गेला, भूक लागली. मग पुन्हा सगळं तसंच. पुढे दवाखान्यातल्या मॅडमनी समजावून सांगितलं की काही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूवरही थोडीफार चालतात. त्यानं रोग मरत नाही, फक्त काही दिवस झाकला जातो आणि निदान लांबतं. त्या झाकलेल्या दिवसांत मी भाच्याला मांडीवर घेऊन भात भरवत होते. ती गोष्ट अजूनही मला बोचते.

जानेवारीत खोकताना रुमालावर लाल रेघ आली. त्या दिवशी मी घरी न सांगता पालिकेच्या दवाखान्यात गेले. त्यांनी झाकणाची छोटी डबी दिली. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्या उठल्या. "लाळ नको, आतून खाकरून काढा," असं तिथल्या ताईंनी बजावलं. सकाळी पाच वाजता चाळीच्या सामायिक संडासाबाहेर उभं राहून मी आवाज होऊ न देता खाकरायचा प्रयत्न करत होते. आवाजाशिवाय ते होत नाही. दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. 'पॉझिटिव्ह' या शब्दापुढे 'दोन प्लस' लिहिलं होतं, म्हणजे थुंकीत जंतू बरेच होते.

आमच्या चाळीत टीबीला टीबी म्हणायची पद्धत नव्हती. म्हातारी माणसं 'छातीचं' म्हणायची. आमचे आजोबा गिरणीत होते, त्यांच्या पिढीत खोकणारी माणसं घरोघर होती. कापसाची भुगटी कुणाच्या छातीत गेली आणि टीबी कुणाला झाला, हे वेगळं काढायला कुणी बसत नव्हतं. एखादा फारच खंगला की म्हणायचे, "त्याला शिवडीला नेलं." शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथून रोज माणसं बरी होऊन घरी जातात. पण आजीच्या तोंडी 'शिवडी' हा शब्द परतीचं तिकीट नसलेल्या गावासारखा यायचा, आणि आम्हा पोरांच्या कानात तो तसाच बसला होता.

त्या संध्याकाळी मी कागद अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडला. आई देवापुढे जाऊन बसली. वहिनीनं मुलाला उचललं आणि ती गॅलरीत गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "अमिताभला झाला होता की."

एवढंच म्हणाले. पण घरात कुणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. आई उठून आली. दादानं विचारलं, "किती महिने औषध?" मी सांगितलं, सहा. आई म्हणाली, "त्यांनी केलं ना सगळं? खुर्चीत बसून बोलत होते. तूही करशील." त्या रात्री त्या एका वाक्यानं माझ्या आईवडिलांना जेवायला बसवलं. त्याबद्दल मी त्या माणसाची आजन्म ऋणी राहीन.

हळूहळू मात्र त्या वाक्याचं दुसरंच काहीतरी होत गेलं. आमच्या घरात पुढचे सहा महिने 'टीबी' हा शब्द कुणी उच्चारला नाही. "अमिताभवालं औषध घेतलंस का?" आई विचारायची. गावी फोनवर बोलताना अण्णा म्हणायचे, "तिला जरा ते अमिताभला झालं होतं ते झालंय." आजीच्या पिढीचं 'छातीचं' गेलं आणि त्या जागी 'अमिताभचं' आलं. ज्यांनी नाव घेऊन सांगितलं, त्यांच्याच नावाखाली आम्ही आजाराचं नाव झाकलं. मला तेव्हा ते बरंच वाटायचं. मीही तसंच म्हणायचे.

उपचार सुरू होण्याआधी दवाखान्याचा माणूस पत्ता पडताळायला घरी येतो. पेशंट मध्येच गायब झाला तर शोधता यावा, म्हणून नियमच तसा होता. आमच्याकडे आलेले गृहस्थ फार चांगले होते, हळू बोलणारे. पण चाळीत अनोळखी माणूस हातात रजिस्टर घेऊन जिना चढला की खाली खेळणाऱ्या मुलांपासून सगळ्यांना प्रश्न पडतो. त्यांनी तळमजल्यावर माझं नाव विचारलं आणि ते आमच्या दारात पोचेपर्यंत चार दारं उघडली होती.

त्यांनी घरात बसून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा आजार ताटवाटीनं पसरत नाही, हवेतून पसरतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि हिनं तोंडाला रुमाल लावावा; औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. दुसरी, घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर त्याला तपासायला आणा. भाच्याला नेलं. त्याला आजार नव्हता, पण आजार होऊ नये म्हणून त्यालाही सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी सुरू झाली, वजनाच्या हिशेबानं. वहिनी ती कुस्करून मधात द्यायची. तो तोंड वाकडं करून माझ्याकडे बघायचा.

वहिनीनं माझं ताट, तांब्या, टॉवेल वेगळं केलं. ताटानं काही होत नाही हे तिनंही ऐकलं होतं. तिचा मला राग आला नाही, आजही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे खिडकी एकच आणि मूल तीन वर्षांचं, तिथे आईनं घाबरायचं नाही तर कुणी? एकदा ती मला म्हणाली, "वन्सं, अमिताभच्या बंगल्यात खोल्या किती असतील हो?" तिनं ते रडत विचारलं होतं.

औषध १९ जानेवारीला, सोमवारी सुरू झालं. तेव्हा सरकारी डोस आठवड्यातून तीन दिवस असायचा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि तो दवाखान्यात कर्मचाऱ्यासमोर गिळावा लागायचा. आता रोजचा डोस असतो, तीन-चार औषधं एकाच गोळीत येतात. आमच्या वेळी एका वेळेला सात: आयसोनियाझिडच्या दोन, रिफाम्पिसिनची एक कॅप्सूल, पायराझिनामाइडच्या दोन मोठ्या, इथॅम्ब्युटॉलच्या दोन. पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांना लाल डबा आणि आधी औषध सोडून पुन्हा आलेल्यांना निळा. प्रत्येकाच्या डब्यावर त्याचं नाव, आणि त्यात पूर्ण उपचाराचं सगळं औषध. माझ्या नावाचा डबा कपाटात बघून मला विचित्र धीर आला. हे सगळं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं आहे, ते दुसऱ्या कुणाला दिलं जाणार नाही, असं वाटलं.

त्या खोलीच्या भिंतीवर बच्चन यांचं पोस्टर होतं. 'टीबी हारेगा, देश जीतेगा'. पहिले चोवीस डोस मी त्या पोस्टरखालच्या बाकावर बसून घेतले. बाकावरच्या बायका ओढणी नाकापर्यंत घेऊन बसायच्या. ती खोकल्यासाठी होती तितकीच ओळख लपवण्यासाठी. मीही तशीच बसायचे. वर भिंतीवर एक माणूस चेहरा पूर्ण दाखवून सांगतोय की मला झाला होता, आणि खाली आम्ही सगळे चेहरे झाकून. मी ते दर डोसाला बघत होते.

सात गोळ्या गिळल्या की अर्ध्या तासात मळमळ सुरू व्हायची. ट्रेनमध्ये दोनदा उलटी झाली. सांधे दुखायचे, विशेषतः गुडघे. जिना चढताना कठड्याला धरायला लागायचं. रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लाल होते. ताईंनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, पण सामायिक संडासात माझ्या नंतर कुणी लगेच आत जाऊ नये, म्हणून मी दोन-दोन बादल्या पाणी ओतायचे. चाळीत पाणी सकाळी तासभर येतं. एवढं पाणी का लागतं, हे आईनं मला कधी विचारलं नाही. ती माझ्यासाठी एक कळशी जास्तीची भरून ठेवायची.

बाकावर माझ्या शेजारी एक हातगाडीवाले मामा बसायचे. त्यांचा डबा निळा. त्यांना गोळ्यांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शनही होतं आणि एकूण उपचार आठ महिन्यांचा. दोन वर्षांपूर्वी दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून त्यांनी औषध सोडून दिलं होतं, कारण दवाखान्याची वेळ आणि मार्केटची वेळ एकच. एकदा मी त्यांना म्हटलं, "मामा, वर बघा, अमिताभनंही पूर्ण कोर्स केला." ते पोस्टरकडे न बघता म्हणाले, "पोरी, त्यांना बरं वाटलं तरी घरात गोळी हातात आणून देणारं कुणी असंल. मला सकाळी गाडी लावली नाय तर त्या दिवसाची भाकर नाय." एवढं बोलून ते इंजेक्शनला आत गेले. त्यानंतर मी कुणाला पोस्टर दाखवून उपदेश केला नाही. मामांनी त्या वेळी एकही डोस चुकवला नाही. आरोग्यसेविका त्यांच्यासाठी नेमलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी खोली उघडत होत्या, हे मला फार नंतर कळलं.

१६ फेब्रुवारीचा सोमवार माझ्या डोसाचा दिवस होता. संध्याकाळी घरी आले तर अण्णा टीव्हीसमोर उभे. आर. आर. पाटील गेले होते, तोंडाच्या कर्करोगानं. आमचं गाव तासगाव तालुक्यात. आबा आमच्याकडे नेते म्हणून कमी आणि घरातला माणूस म्हणून जास्त ओळखले जायचे. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात तीस वर्षांची तंबाखूची पुडी. त्याआधी शरद पवारांनी कितीदा तरी जाहीरपणे सांगितलं होतं. २००४ मध्ये त्यांच्या तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून ते तंबाखू-गुटख्याविरुद्ध बोलत आले होते. अण्णा ते ऐकायचे, मान डोलवायचे आणि चुना मळायचे. पवार साहेब बरे होऊन बोलत होते ना! आबा बरे झाले नाहीत. त्या रात्री अण्णांनी पुडी खिडकीतून बाहेर टाकली. बोलले काही नाहीत, जेवलेही नाहीत.

ते तंबाखूशिवाय पावणेदोन महिने राहिले, मग पुन्हा सुरू झाली, मग पुन्हा सोडली. आज ते खात नाहीत, पण त्याला अजून तीन वर्षं लागली. मी हे मुद्दाम लिहितेय. बरं झालेल्या माणसाची गोष्ट धीर देते आणि गेलेल्या माणसाची गोष्ट हात थरथरवते. अण्णांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी लागल्या, आणि दोन्ही मिळूनही पुरल्या नाहीत. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला तेव्हा ती कायमची सुटली.

आता लग्नाचं सांगते. ते टाळून या अनुभवाला अर्थ नाही.

डिसेंबरात मला एक स्थळ आलं होतं, डोंबिवलीचं. मुलगा बँकेत. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पसंती कळवली होती, साखरपुडा फेब्रुवारीत धरला होता. आईचं म्हणणं, सांगायचं नाही. "सहा महिन्यांत बरी होणार आहेस. तारीख पुढं ढकलू, गावी कुणीतरी गेलं असं सांगू." मी ऐकलं नाही. त्यात माझा मोठा धीर होता असं नाही. केशरी लघवी आणि सात गोळ्या घेऊन नव्या घरात लपून राहण्याची मला भीती जास्त वाटत होती. अण्णा एकटे डोंबिवलीला गेले. जाताना त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि पेपरातलं बच्चन यांच्या बातमीचं कात्रण खिशात घेतलं. रद्दीतून शोधून काढलेलं.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं: त्या लोकांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं, कात्रणही वाचलं. मग मुलाच्या वडिलांनी शांतपणे सांगितलं, "अहो, त्यांचं वेगळं. एक तर तो बाप्या माणूस. दुसरं, त्यांना झाला तेव्हा मुलं मोठी झालेली होती. तिसरं, त्यांचा मणक्याचा, तो पसरत नाही. तुमच्या मुलीचा छातीचा."

मी त्या तिन्ही मुद्द्यांवर किती रात्री विचार केला ते मलाच माहीत. आणि कबूल करायला हवं, माहिती म्हणून त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मणक्याचा टीबी हवेतून दुसऱ्याला होत नाही. २००० साली त्यांची मुलं मोठी झालेली होती. ते पुरुष आहेत. मी पूर्ण बरी झाल्यावर माझं मूल निरोगी जन्मेल, माझ्या छातीचा टीबी औषधानं तितकाच बरा होतो, हेही तेवढंच खरं होतं. पण ते कात्रणात नव्हतं. एका सत्तरीच्या पुरुषाच्या कबुलीनं चोवीस वर्षांच्या मुलीच्या वतीनं जेवढं बोलता येतं, तेवढं ती बोलली होती. पुढचं कुणीतरी दुसऱ्यानं बोलायला हवं होतं, आणि तसं कुणी आमच्या नजरेसमोर नव्हतं.

स्थळ मोडलं. चाळीत कारण पसरलं. अण्णा आठवडाभर खाली नाक्यावर गेले नाहीत.

त्यानंतरच्या एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आमच्याकडे आल्या. आई रेशनला गेली होती, मी एकटी होते, हे बघूनच आल्या असाव्यात. दार लोटून घेतलं. आमच्या चाळीत भरदुपारी दार लोटत नाहीत. माझ्याजवळ, अगदी खेटून बसल्या आणि म्हणाल्या, "मला झाला होता. एकोणीस वर्षांची होते. छातीचाच. तेव्हा इंजेक्शनं असायची, नव्वद घेतली. बसता येत नव्हतं." मग म्हणाल्या, "तीन मुलं झाली मला. बघतेस ना?"

त्यांच्या मोठ्या मुलाकडून मी लहानपणी गणित शिकले होते.

मी विचारलं, काकांना माहीत आहे? त्यांनी मान हलवली. नाही. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. माहेरी दोघांना माहीत होतं, ती दोघंही आता नाहीत. मग हे आज मला का सांगताय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "टीव्हीवर ते स्वतःच्या तोंडानं सांगताना बघितलं, तेव्हा हे शेजारी बसले होते. हे म्हणाले, केवढा धीराचा माणूस. मला वाटलं, आत्ता सांगावं. तोंडापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. पण तेव्हापासून गप्प राहवत नाही. म्हणून तुला सांगितलं. कुणाला बोलू नकोस."

मी बोलले नाही. हे लिहायला त्यांनी परवानगी दिलीय, आणि त्यांची ओळख पटेल असं जे होतं ते मी बदललंय.

त्यांच्या मांडीचा स्पर्श मला अजून आठवतो. दोन महिन्यांत माझ्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं. पोस्टरनं मला जे दिलं होतं त्याच्या पुढचं त्या दुपारी मिळालं: तीन मुलं, एक संसार, माझ्याच जिन्यावरून रोज उतरणारी एक धडधाकट बाई. आणि हेही खरं की पोस्टर नसतं तर काकू खाली उतरल्या नसत्या.

मार्चमध्ये चोवीस डोस झाल्यावर थुंकी पुन्हा तपासली. निगेटिव्ह. २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, दवाखान्यात छोटा कार्यक्रम होता. डॉक्टरांनी सांगितलं की १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. मला एकदम आनंदीबाई जोशी आठवल्या. शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला होता. डॉक्टर होऊन अमेरिकेहून परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात टीबीनं गेल्या, बावीस वर्षांच्याही नव्हत्या. जंतू सापडून तेव्हा पाच वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि त्याच्यावर चालणारं पहिलं औषध यायला अजून पन्नासहून जास्त वर्षं होती. त्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांना काय होतंय ते बहुधा कळत असेल. मी सीएच्या ऑफिसात व्हाउचर लावणारी मुलगी, माझ्या नावाचा औषधांचा डबा कपाटात. त्या दिवशी घरी जाताना ओढणी नाकावर घेतली नाही.

पुढचे अठरा आठवडे सोपे गेले. आठवड्याचा पहिला डोस दवाखान्यात, बाकीचे घरी, आणि रिकामं पाकीट परत नेऊन दाखवायचं. ऑफिसात मी एप्रिलमध्ये सांगितलं. साहेबांनी रजेचे पैसे कापले नाहीत, पण माझं टेबल खिडकीजवळ हलवलं आणि शेजारचं टेबल रिकामं ठेवलं. जुलैच्या शेवटी औषध संपलं. वजन बावन्न. ताईंनी कार्डावर 'बरा झालेला रुग्ण' असं लिहिलं. छापील कार्डावर 'झालेली'ला जागा नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बच्चन यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९८२ च्या 'कुली'च्या अपघातानंतर त्यांना जे रक्त दिलं गेलं, त्यातून हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा पाऊण भाग निकामी झाला. आई म्हणाली, "किती सोसलं या माणसानं." मी मनात वर्षं मोजत होते. टीबी २००० चा, सांगितला २०१४ ला. चौदा वर्षं. त्यांनी इतकी वर्षं का सांगितलं नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्कही नाही. पण १९८२ मध्ये ज्या माणसासाठी देशभर लोक देवळांत, मशिदींत रांगा लावून उभे होते, त्यालाही चौदा वर्षं लागली असतील, तर काकूंच्या सत्तावीस वर्षांना कुणी भित्रेपणा म्हणू नये, असं मला ठामपणे वाटलं.

माझं लग्न २०१७ मध्ये झालं. पहिल्या भेटीतच सांगितलं. या वेळी 'अमिताभचं' म्हटलं नाही, 'टीबी' म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडून अनोळखी माणसासमोर पहिल्यांदाच निघत होता आणि घसा कोरडा पडला होता. तो म्हणाला, "माझ्या मामालाही होता, औषध सोडलं त्यानं." मग थोड्या वेळानं विचारलं, "तू सगळं घेतलंस?" मी कार्ड बरोबर नेलं होतं. ते दाखवलं.

आता त्याच दवाखान्यात मी महिन्यातून दोनदा जाते. बरे झालेल्या पेशंटना 'टीबी चॅम्पियन' म्हणून शिकवतात आणि नव्यांशी बोलायला बसवतात. पोस्टर बदललं आहे, बाकही नवा आहे. डोस रोजचा झालाय, पोषणासाठी खात्यात पैसे येतात. आधी महिना ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झालेत. ओढण्या मात्र अजून नाकावरच असतात.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, एकवीस वर्षांची, आईबरोबर. मी खिडकी, रुमाल, केशरी लघवी, सांधे, सगळं सांगितलं. मोठमोठ्या लोकांनाही होतो, हेही सांगितलं, अमिताभ बच्चन यांचं नाव घेतलं. तिनं मान हलवली. तिला ते माहीत होतं. आईलाही माहीत होतं. दोघी तशाच बसून राहिल्या, उठेनात.

मग मुलीनं ओढणी थोडी खाली केली आणि विचारलं, "ताई, तुमच्या मिस्टरांना माहितीये?"

"हो. लग्नाच्या आधीपासून."

"आणि बाळ?"

मी फोन काढला. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, आदल्या दिवशी शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीण झाली होती. मुलीनं तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. मग फोन माझ्याकडे परत न देता, शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिला.